कपडा की पॅड हे नंतर. आधी पाणी, कडी आणि ऊन

वस्तीत महिला मंडळाची बैठक संपली, चपला घालायची वेळ आली, की कुणीतरी हळूच मला बाजूला घेते आणि विचारते, "सिस्टर, कपडा बरा की पॅड? कशानं इन्फेक्शन होत नाही?" बैठकीत पंधरा-वीस बाया बसलेल्या असतात. सगळ्यांना पाळी येते, किंवा येऊन गेलेली असते. तरी हा प्रश्न कधी सगळ्यांसमोर येत नाही, दाराआडच येतो. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर त्याचंच उत्तर लिहिते आहे. घरातल्या पुरुषांनीही वाचावं, पान उलटू नये. त्यांच्याशी संबंधित भाग पुढे आहे.

मी जीएनएमचा डिप्लोमा करून चौदा वर्षं रुग्णालयात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं स्त्रीरोगाच्या ओपीडीत. तिथं एक दिवस बत्तिशीच्या आसपासची एक बाई आली. ताप होता, ओटीपोट दुखत होतं, आणि वास इतका की रांगेतल्या बाया केसपेपर नाकाला लावून लांब सरकल्या. डॉक्टर मॅडमनी तपासलं तेव्हा आतून कापडाची गुंडाळी निघाली. साडीचा फाडलेला तुकडा. पाळी जाऊन आठवडा झाला होता.

मी तिला सगळ्यांसमोर रागावले. "शिकलेली दिसतेस, एवढं कळत नाही?" असं म्हणाले. ती काही बोलली नाही. पाच घरची धुणीभांडी करायची. सकाळी सातला घर सोडायचं, तीनला परत. फरशी पुसायला उकिडवं बसलं की घडी सरकते, साडीला डाग पडतो, मालकीण नाक मुरडते. म्हणून तुकडा आत ठेवायची सवय लागली. पाचही घरांत तिला संडास वापरायची परवानगी नव्हती. घाईत जुना तुकडा आत राहिला, दुसरा वर गेला. हे सगळं तिनं मला नंतर, गोळ्या हातात घेताना सांगितलं आणि विचारलं, "मग सिस्टर, बदलू कुठं?" मी पुढचा केसपेपर पुकारला. उत्तरच नव्हतं माझ्याकडे. तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचा छोटा बिल्ला होता, तो मला अजून दिसतो.

ती वाचली. ते तिचं नशीब म्हणायला हवं, कारण आत राहिलेल्या अशा वस्तूनं जीवही जातो. ते कसं, हे नीट समजून घेऊ.

स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा एक जंतू आहे. पुष्कळ माणसांच्या नाकात, त्वचेवर आणि काही स्त्रियांच्या योनीतही तो गुपचूप राहतो, त्रास देत नाही. पण रक्तानं भिजलेली वस्तू आत बराच वेळ राहिली, की याच्या काही जाती एक विष तयार करतात. ते विष रक्तात गेलं की अचानक मोठा ताप येतो, १०२ च्या वर. उलट्या, जुलाब, चक्कर, उन्हानं भाजल्यासारखी लाल झालेली कातडी. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं आणि यकृत बंद पडू लागतात. आठवडा-दोन आठवड्यांनी तळहात-तळपायांची साल निघते. याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेत १९७८ साली डॉ. जेम्स टॉड यांनी लहान मुलांमधले रुग्ण पाहून याला हे नाव दिलं. दोनच वर्षांत, १९८० मध्ये, तिथं पाळीतल्या तरुण बायकांत याची लाटच आली. एका वर्षात आठशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली, मृत्यूही झाले. शोध घेतला तेव्हा टॅम्पॉनशी संबंध निघाला. टॅम्पॉन म्हणजे आत ठेवायची बोटाएवढी गुंडाळी. 'रिलाय' नावाचा एक टॅम्पॉन तर इतकं शोषून घ्यायचा की बायका तो खूप वेळ तसाच ठेवायच्या. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं सप्टेंबर १९८० मध्ये तो बाजारातून मागे घेतला.

तुम्ही म्हणाल, आपल्या वस्तीत टॅम्पॉन कोण वापरतंय? कुणीच नाही. पण साडीचा तुकडा गुंडाळून आत ठेवला की तो टॅम्पॉनच झाला, आणि तोही न उकळलेला, न मोजलेला, दोरी नसलेला. टॅम्पॉनच्या पाकिटावर आठ तासांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं. आपल्या तुकड्यावर कोण लिहिणार? म्हणून माझी पहिली विनंती एवढीच, की कापड, कापूस, बोळा, काहीही आत ठेवू नका. ठेवलं असेल आणि पाळीत एकदम ताप-उलट्या सुरू झाल्या तर ते आधी काढा आणि त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. पाळी चालू आहे आणि आत काही ठेवलं होतं, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लाजून गप्प बसलात तर ते मलेरिया-डेंग्यू शोधत बसतील. हा आजार क्वचितच होतो, घाबरून जाऊ नका. बाहेर लावायच्या घडीनं किंवा पॅडनं तर तो फारच विरळा. वयात नुकत्याच आलेल्या मुलींना मात्र धोका जास्त, कारण त्या विषाविरुद्धची ताकद त्यांच्या रक्तात अजून तयार झालेली नसते.

आता रोजचं दुखणं. ते मारत नाही, पण वर्षानुवर्षं पोखरतं.

योनीत चांगले जंतू असतात, दही लावणाऱ्या जंतूंच्या घराण्यातलेच. ते आंबटपणा टिकवतात आणि त्या आंबटपणात वाईट जंतू वाढत नाहीत. पाळीच्या दिवसांत रक्तामुळे हा आंबटपणा कमी होतो, राखणदार थोडा ढिला पडतो. त्यात ओली, कोंदट घडी दहा-दहा तास लागून राहिली, कापड अर्धवट धुतलेलं असलं, दमट असलं, तर खाज, पुरळ, बुरशी, वास मारणारं पाणी यांना दार उघडं मिळतं. राखट-पातळ, माशासारखा वास येणारं पाणी जात असेल तर ते जंतूंचं असंतुलन असतं. दह्याच्या फुटक्या चोथ्यासारखं घट्ट आणि भयंकर खाज असेल तर बुरशी. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, आणि हा नवरा-बायकोत एकमेकांना लागतो, म्हणून नवऱ्यानंही गोळ्या घ्याव्या लागतात. पुरुषांशी संबंधित भाग म्हणाले होते, त्यातला हा एक. बायकोला गोळ्या आणि आपण मोकळे, असं चालत नाही. महिन्याभरात तिला ते परत होतं आणि मग "हिलाच सारखं काहीतरी होतं" असं घरात ऐकवलं जातं.

एक गोष्ट जाता जाता. वास येतो म्हणून आतून साबणानं, जंतुनाशकानं, तुरटीच्या पाण्यानं धुऊ नका. चांगले जंतू त्यानं मरतात आणि वाईटांना मोकळं रान मिळतं. बाहेरून साध्या पाण्यानं, पुढून मागे. सुगंधी पॅडही नको.

तर कपडा की पॅड? माझं उत्तर ऐकून बाया नाराज होतात. दोन्ही चालतं. स्वच्छ, सुती, उन्हात खडखडीत वाळलेली घडी चार-सहा तासांनी बदलली तर ती दहा तास लावलेल्या महागड्या पॅडपेक्षा कितीतरी बरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, देशातल्या १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी ६४ टक्क्यांनी पॅड वापरत असल्याचं सांगितलं आणि ५० टक्क्यांनी कापड. म्हणजे पुष्कळजणी दोन्ही वापरतात. शाळेला पॅड, घरी कपडा. आपल्या घरांतही तेच आहे. मग कापड वापरणारीला "अडाणी" म्हणायचं आणि पॅडवालीला "सुधारलेली", हा नवा भेदभाव कशाला?

पण कापडात धोका आहे हेही लपवायचं नाही. ओडिशात याचा अभ्यास झाला आहे. २०१५ साली भुवनेश्वर आणि राउरकेला इथल्या रुग्णालयांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुन्हापुन्हा कापड वापरणाऱ्यांत जंतूंच्या असंतुलनाचा आजार आणि लक्षणं जास्त दिसली. पुढे २०१८ मध्ये ओडिशातलाच आणखी एक अभ्यास आला. त्यात कापड वापरणाऱ्यांत बुरशीचा आजार जास्त निघाला. आणि त्या कापडवाल्यांमध्येही ज्या घडी घराच्या आतच वाळवत होत्या, संडासात लपवून ठेवत होत्या, त्यांच्यात तो अधिक होता. मी तो अभ्यास वाचला तेव्हा मला आपल्या वस्तीतली पत्र्याखालची ती जागा आठवली. माळ्यावर, गोधडीमागे, ओल्या साडीच्या आत गुंडाळलेली घडी. पावसाळ्यात तर ती पुढच्या पाळीपर्यंत दमटच असते.

म्हणून कापड वापरणाऱ्यांसाठी सांगते. सुती घ्या, टेरिकॉटचं किंवा पॉलिस्टर साडीचं नको. ते शोषत नाही आणि घासतं. आधी गार पाण्यात रक्त काढा, गरम पाण्यानं डाग बसतो. मग साबण, मग साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून घ्या. वाळवायचं कडक उन्हात, उघडं. वर दुसरं कापड टाकून झाकलं तर ऊन पोचत नाही. पावसात ऊनच नसेल तर कोरडं झाल्यावर गरम इस्त्री फिरवा. स्वच्छ पिशवीत ठेवा, संडासाच्या खिडकीत नको. काही महिन्यांनी विरलं की टाका. आई-मुलीची, जावा-जावांची घडी एकमेकींत नको.

पॅड घेताना पाकीट बंद आहे का, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आहे का, आयएस ५४०५ हे भारतीय मानक लिहिलं आहे का, ते बघा. बाजारात सुटी, बिनछापाची पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकतात, ती कुठं पडून होती कुणास ठाऊक. आणि मोरीशेजारी ओलीत ठेवलेलं चांगलं पॅडही खराबच. मेन्स्ट्रुअल कप चांगला आहे, सात-दहा वर्षं टिकतो, २०१९ साली लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात त्याच्यावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा आला आणि तो सुरक्षित ठरला. पण तो बारा तासांच्या आत काढून धुवायचा, हात साबणानं धुऊन, आणि दर पाळीनंतर उकळायचा. ज्या घरात एकच पातेलं आणि एकच खोली, तिथं सून कप कशात उकळणार, हे विकणाऱ्यांनी सांगावं.

पैशांचा हिशेबही मांडू. दिवसाला चार, पाच दिवस, म्हणजे वीस पॅड. सहा रुपयांचं एक धरलं तर एकशे वीस रुपये. घरात आई आणि दोन मुली असतील तर महिन्याला तीनशे साठ. मग काय होतं? मुलगी एक पॅड सकाळी लावते आणि शाळेतून आल्यावर काढते. जाहिरातीत बारा तास सांगितलेलेच असतात. २०१८ च्या जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला. २०१९ च्या ऑगस्टपासून जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचं पॅड एक रुपयाला मिळतं. वीस रुपयांत महिना. आपल्याकडच्या निम्म्या बायांना हे माहीतच नाही, आणि केंद्रात गेल्यावर माल संपला म्हणतात. संपला म्हणाले तर मागणी लिहून द्या, चार जणींनी मिळून द्या.

आता मला जे खरं बोलायचं आहे तिथं येते. जयंतीला आपल्याकडे पॅडवाटप होतं. बॅनर लागतो, पाहुणे येतात, मुलींच्या हातात पाकीट देऊन फोटो काढतात. मी त्याच्या विरोधात नाही. दोन वर्षं मीच वाटली. पण पाकीट घेऊन ती मुलगी घरी गेली की पॅड बदलणार कुठं? घरात एकच खोली, त्यात वडील, भाऊ, टीव्ही. सार्वजनिक संडासात आतल्या बाजूला कडी तुटलेली, दार पायानं धरून बसायचं. बल्ब गेलेला. पाणी बाहेरच्या ड्रममधून डबा भरून न्यायचं. टाकायला डबा नाही, म्हणून वापरलेलं पॅड ओढणीत गुंडाळून परत घरी. रात्री अकरानंतर कुलूप. हे सगळं माहीत असलेली मुलगी पॅड बदलत नाही, पाणी कमी पिते, लघवी तुंबवते, आणि मग जळजळ सुरू होते. याला मी त्या मुलीची अस्वच्छता म्हणणार नाही. एकदा एका बाईला तसं म्हणाले होते, ते पुरे झालं.

वाटपाच्या खर्चात कडी, बल्ब, झाकणाचा डबा आणि आत एक नळ बसतो. आमच्या वस्तीत आम्ही संडासाच्या सहा दारांना आतून कड्या बसवल्या, त्याचा कुणी फोटो काढला नाही. पण त्या महिन्यात मुलींनी मला येऊन सांगितलं. नळ आणि रात्रीचं कुलूप मात्र वॉर्ड ऑफिसच्या हातात आहे. तिथं आमचे अर्ज पडून आहेत. पुरुष मंडळींनो, हा दुसरा भाग तुमचा. रस्त्याच्या, नावाच्या कमानीच्या कामासाठी तुम्ही जसे दहा जण मिळून वॉर्ड ऑफिसात जाता, तसे या नळासाठी या.

डब्याचा विषय निघाला म्हणून सांगते. सोसायट्यांच्या कचऱ्यातली वापरलेली पॅड शेवटी कुणाच्या हातात येतात? कचरा वेचणाऱ्या आपल्याच बायांच्या. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, अशी मोहीम चालवली. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळूनच द्यावं असं होतं. कंपन्यांनी त्यासाठी वेष्टन द्यायचं, असंही होतं. आपण स्वतः तरी उघडं टाकू नये, कारण तो हात ओळखीचा आहे.

अंगावरून पांढरं जाणं हा आपल्याकडे दुखणं मानलाच जात नाही. "बाईच्या जातीला असायचंच," असं आई सांगते, सासू सांगते. थोडं, पांढरट, बिनवासाचं पाणी जाणं नैसर्गिक आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण वास, खाज, रंग, ओटीपोटात दुखणं, संबंधांच्या वेळी दुखणं, ताप यातलं काही असेल तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. तो अंगावर काढला की पुढे गर्भनलिकांपर्यंत जाऊ शकतो, मूल राहायला अडचण येऊ शकते. गरोदरपणात तर अजिबात अंगावर काढू नये, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

आणि अंगावर काढलेलं दुखणं दुसरीकडेही नेतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली. सरकारनं समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळजणी चाळिशीच्याही आतल्या. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत बसलं की खाडा आणि खाड्याचा दंड. अंगावरून जायला लागलं, दवाखान्यात गेलं, की "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका." ज्या दुखण्याला काही गोळ्या पुरल्या असत्या, त्याला कर्ज काढून ऑपरेशन. वस्तीतही हे घडतं. पांढरं जातं एवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सही करू नका, अंगठा देऊ नका.

सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची खोली असते. तिथं या आजारांची तपासणी आणि औषधं फुकट असतात. रंगीत किट असतात. योनीतून पाणी जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळं. तपासल्याशिवाय मेडिकलमधून गोळ्या घेऊ नका, कारण बुरशीची गोळी जंतूला चालत नाही. पाळी चुकली असेल, दिवस गेले असतील तर ते आधी सांगा. त्या खोलीच्या पाटीला घाबरून बाया परत फिरतात, कुणी बघेल म्हणून. मला सांगा, मी सोबत येते. दर मंगळवारी मी चौघी-पाचजणींना घेऊन जातेच.

आता दोरीची गोष्ट. आमच्या वस्तीत दिवसभर ऊन येतं अशी एकच मोकळी जागा आहे, विहाराची गच्ची. महिला मंडळानं ठरवलं, गच्चीच्या मागच्या बाजूला एक दोरी बांधायची, भोवती हिरवी जाळी लावायची, म्हणजे खालून कुणाला दिसणार नाही आणि वरून ऊन मिळेल. वर्षावासाच्या आधीच्या बैठकीत मी हा विषय मांडला. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक ज्येष्ठ आयुष्यमान, ज्यांनी या विहाराच्या विटा स्वतः डोक्यावर वाहिल्या, ते म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण विहाराच्या वर... ते कसं?" आणि मला खरा धक्का बसला तो पुढे. मागे बसलेल्या तीन-चार बायांनी मान डोलावली. त्यातली एक त्या दिवशी दारातच बसली होती, आत आली नव्हती. का, ते सगळ्यांना कळलं होतं.

त्या बाबांबद्दल मला आदर आहे, म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथंही सांगते. २० मार्च १९२७ ला महाडला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर तळं बाटलं म्हणून तिथल्या सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध करून घेतलं. आपल्या स्पर्शानं पाणी बाटतं, हे तेव्हा त्यांना खरंच वाटत होतं. १९५६ ला नागपुरात आपण तो सगळा विटाळ टाकून आलो. मग तोच शब्द, तीच भीती, चार दिवसांपुरती आपल्याच लेकीसाठी कशी राहिली? पाळीचं रक्त म्हणजे गर्भासाठी तयार झालेलं आणि न लागलेलं अस्तर. त्यात अपवित्र काही नाही, मी चौदा वर्षं ते हातानं पुसलं आहे. विहारात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, त्यात प्रकृती या चांडाळ कन्येकडून आनंदानं पाणी मागितल्याची कथा येते. ती वाचताना पाळी आलेली बाई दारात बसलेली असते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या बायकांना स्वच्छतेबद्दल सांगितलं, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण पाण्याचा लढा त्यांनी त्याच्या पंधरा वर्षं आधी दिला होता, हा क्रम आपण विसरतो. पाणी आणि जागा न देता बाईला स्वच्छ राहा म्हणणं सोपं आहे. मीही ओपीडीत तेच केलं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. "विचार करू," म्हणाले. विषय पुढच्या बैठकीत ठेवला आहे, पौर्णिमेच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी सहाला. त्या दिवशी ज्या बायकांना पाळी असेल त्यांनी मुद्दाम आत येऊन बसावं, सतरंजीवर, मी पहिल्या रांगेत असेन. वर्गणीतून दोरी आणि जाळी आणून ठेवली आहे, माझ्या घरी आहे. तोपर्यंत आमच्याच गल्लीतल्या एका मावशींनी त्यांच्या पत्र्यावरची जागा दिली आहे, सकाळी दहा ते दोन. आठ जणींच्या घड्या तिथं उघड्या उन्हात वाळतात. पहिल्या दिवशी पोरांनी दगड मारले. मावशींनी खाली उतरून त्यांना विचारलं, "तुझी आई कुठं वाळवते?"